अंगठा चुकत नव्हता, मशीन चुकत होतं

पोस्ट मोठी झालीय, आधीच सांगतो. पण धडगाव-तोरणमाळ पट्ट्यात ज्याने आयुष्यात एकदा तरी मशीनवर अंगठा ठेवून "आज होत नाही, उद्या या" हे ऐकलंय, त्याने ती शेवटपर्यंत वाचावी. थोडं तांत्रिक आहे, पण मी जमेल तितकं सोपं करून सांगतो.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मी सुट्टीवर घरी आलो होतो. खालच्या पाड्यावरची एक आजी दोन तास डोंगर चढून दुकानात आली. मशीनवर अंगठा ठेवला. दिवा लागला, स्क्रीनवर चक्र फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं. दुकानदाराने बटण दाबून मशीन बंद केलं, परत चालू केलं. त्यात सात-आठ मिनिटं गेली. परत अंगठा, परत तेच चक्र. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "आजी, तुमचा अंगठाच घासलाय. काम करून करून रेषा गेल्यात. उद्या या."

आजीने अंगठा पदराला पुसला, एकदा त्याच्याकडे निरखून बघितलं आणि आली तशी निघून गेली. तिला पटलं होतं की चूक तिच्या अंगठ्याची आहे. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही पटलं होतं, आणि आज ही पोस्ट लिहायचं कारण तेच आहे.

मशीन कुठल्या खात्याचं, कुठल्या कंपनीचं ते लिहीत नाही. मुद्दा एका कंपनीचा नाहीच. कमेंटमध्ये विचारू नका.

मी पुण्यात एका छोट्या कंपनीत कामाला आहे. आमचं काम म्हणजे अशा छोट्या मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर लिहिणं आणि दुरुस्त करणं. बहुतेक मशीनमध्ये लिनक्स असतं. लिनक्सचा जो सगळ्यात आतला गाभा असतो त्याला कर्नल म्हणतात. स्क्रीन, बॅटरी, सिमकार्ड, अंगठ्याचा सेन्सर यांच्यात आणि वरच्या ॲपमध्ये जो मध्यस्थ बसलेला असतो, तो हा कर्नल. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड मोबाईलमध्येही लिनक्सचाच कर्नल आहे.

डिसेंबरात आमच्याकडे एक काम आलं. एका प्रकारची मशीनं अधूनमधून अडकतात, कारण शोधा. सोबत तक्रारींची यादी होती. मी यादी उघडली आणि गावांची नावं वाचत गेलो. बहुतेक नावं डोंगरातली, आणि समोरच्या रकान्यात जवळपास प्रत्येक ठिकाणी एकच शेरा: वापरणाऱ्याची चूक. मशीन तेच होतं, आजीच्या अंगठ्यावर अडकलेलं.

तेव्हा एक साधी गोष्ट डोक्यात आली, जी दुकानात उभा असताना यायला हवी होती. अंगठ्याच्या रेषा झिजतात, हे खरंच आहे. शेतात, दगडात काम करणाऱ्यांच्या झिजतातच. पण झिजलेल्या अंगठ्याला मशीन "जुळत नाही" असं सांगतं. ते अडकून पडत नाही. अडकलं, याचा अर्थ गडबड अंगठ्याच्या पुढे कुठेतरी आहे.

पुण्यात आम्ही तीन मशीनं टेबलावर लावली आणि रात्रंदिवस चालवली. अकरा दिवसांत एकदाही अडकली नाहीत. कंपनीतले लोक म्हणायला लागले, "मशीन तर ठीक आहे, तिकडे लोकांना वापरता येत नसेल." हे वाक्य आपण डोंगरातल्यांनी किती वेळा ऐकलंय! शाळेत ऐकलं, दवाखान्यात ऐकलं, बँकेत ऐकलं. मी होळीची सुट्टी टाकली, एक मशीन आणि लॅपटॉप पिशवीत घातला आणि शहादा, म्हसावद, राणीपूर करत वर आलो.

घरी लावल्यावर पहिल्याच दुपारी मशीन अडकलं. संध्याकाळपर्यंत चार वेळा.

आता हे काय असतं ते सांगतो. याला रेस कंडिशन म्हणतात. शब्दशः शर्यतीची स्थिती. आपला सातपायरी घाट डोळ्यांसमोर आणा. पावसात दरड आली आहे आणि वळणावर एकाच गाडीपुरती जागा उरली आहे. वरून जीपवाला बघतो, रस्ता मोकळा आहे. खालून पिकअपवाला बघतो, रस्ता मोकळा आहे. दोघांनी नियम पाळला, दोघांनी बघितलं, दोघंही खरंच बोलतायत. पण बघणं आणि निघणं यांच्या मध्ये जी फट होती, तिच्यात दुसरा आत आला, आणि मधोमध दोघं समोरासमोर. चूक ड्रायव्हरची नाही. चूक ही की "बघा आणि जा" या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या. त्या एकदमच व्हायला हव्या होत्या.

आणि या चुकीचा सगळ्यात वाईट गुण म्हणजे ती रोज दिसत नाही. शंभर दिवस घाटात दोन गाड्या एकदम येणारच नाहीत. तुम्ही तपासायला जाल तेव्हा रस्ता मोकळाच असेल.

मशीनमध्ये काय होत होतं? आत सिमकार्डचा एक छोटा भाग असतो, मोडेम. नेटवर्क फारच बिघडलं की तो स्वतःच बंद होऊन परत चालू होतो. कर्नलला वाटतं, कोणीतरी तो उपटून परत लावला. मग कर्नलचं एक काम म्हणतं, मोडेम गेला, त्याच्यासाठी राखलेली मेमरी मोकळी करा. त्याच वेळी दुसरं काम अंगठ्याची माहिती पाठवत असतं. त्याने क्षणापूर्वीच बघितलेलं असतं की मोडेम जागेवर आहे. बघितलं, आणि पाऊल टाकेपर्यंत पायाखालची जमीन दुसऱ्याने काढून घेतली. मशीन अडकलं.

पुण्यात का होत नव्हतं? कारण पुण्यात मोडेम पडतच नाही. तिथे टॉवर हाकेच्या अंतरावर. आपल्याकडे एका खोलीत दोन दांड्या आणि ओट्यावर शून्य. पुढच्या पाड्यांवर तर मध्य प्रदेशच्या बाजूचा टॉवर पकडतो आणि सोडतो. शिवाय सिग्नल कमजोर असला की काही पाठवताना मोडेमला जास्त जोर लावावा लागतो, आणि जोर लावतानाच तो बसतो. म्हणजे "पाठवणं" आणि "पडणं" या दोन गोष्टी इकडे योगायोगाने एकत्र येत नाहीत, त्या एकमेकींना बोलावून आणतात. पुण्यात जी गोष्ट लाखात एकदा होईल, ती तोरणमाळला जेवणाच्या आधी होते.

म्हणजे बघा, मशीन वापरता येत नाही म्हणून ज्यांना नावं ठेवली, तेच लोक या मशीनची सगळ्यात कडक परीक्षा रोज घेत होते. फुकटात. आणि त्यांचा निकाल कोणी वाचत नव्हता.

दुरुस्तीचीही गोष्ट सांगतो, कारण पुढचा मुद्दा तिच्यावर उभा आहे. पहिल्या दिवशी मी सोपा उपाय केला. मोडेम आहे का, हे पाठवण्याच्या अगदी आधी आणखी एकदा तपासायला लावलं. अडकणं कमी झालं, दिवसातून एखादवेळ. खूश होऊन पुण्याला फोन केला. आमचे सिनियर म्हणाले, "फट लहान केलीस, बुजवली नाहीस. आता सापडायला अजून अवघड करून ठेवलीस." खरं होतं. घाटात ड्रायव्हरला दोनदा बघायला सांगितलं तरी फट राहतेच.

दुसऱ्या दिवशी लॉक लावलं. म्हणजे घाटाच्या तोंडाशी एक काठी ठेवायची, ज्याच्या हातात काठी तोच जाणार. पण मी काठी फार वेळ धरायला लावली. पाठवणारं काम काठी हातात धरून मोडेमच्या उत्तराची वाट बघत बसलं, आणि पडलेला मोडेम आवरणारं काम काठीची वाट बघत बसलं. पहिल्याला उत्तर येईना, दुसऱ्याला काठी मिळेना. मशीन अडकलं, फक्त आता वेगळ्या कारणाने.

तिसऱ्या दिवशी बरोबर जमलं. काठी फक्त क्षणभर धरायची. मोडेम आहे का बघायचं आणि त्याच क्षणी "मी आत आहे" अशी नोंद करायची, मग काठी सोडून द्यायची. आणि नियम असा, की आत एक जरी माणूस असेल तरी घर पाडायचं नाही, शेवटचा बाहेर पडला की मग पाडायचं. एकूण बदल चौदा ओळींचा. मग स्क्रिप्ट लिहून मोडेम दर काही सेकंदांनी मुद्दाम पाडत राहिलो, दोन रात्री. मशीन एकदाही अडकलं नाही. बाहेर होळीचे ढोल वाजत होते आणि मी घरात मशीन पाडत बसलो होतो. आई म्हणाली, "पुण्याला जाऊन हेच शिकलास का?"

यात माझं कौतुक नाही. अशी चूक जगातल्या सगळ्यात मोठ्या माणसांकडूनही होते. लिनक्स ज्याने १९९१ साली सुरू केलं त्या लिनस टोरवाल्ड्सचं उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०१६ मध्ये लिनक्स कर्नलमधली एक चूक उघड झाली, तिचं नाव पडलं "डर्टी काऊ". तीही रेस कंडिशनच होती. ती समजायला तलाठ्याचं दफ्तर डोळ्यांसमोर आणा. मूळ रजिस्टर सगळ्यांना वाचायला मोकळं, पण त्यावर लिहायला बंदी. कोणाला काही खरडायचंच असेल तर कारकून त्याला झेरॉक्स काढून देणार, त्यावर काय ते लिही. कर्नल हेच करतो, याने मेमरी वाचते.

आता लबाडी बघा. एक माणूस म्हणतो, मला लिहायचंय. कारकून झेरॉक्स काढतो आणि मनात म्हणतो, झालं, लिहिण्याची अट पूर्ण झाली, आता ती लक्षात ठेवायची गरज नाही. नेमक्या त्याच क्षणी त्या माणसाचा जोडीदार झेरॉक्स फाडून टाकतो. कारकून वळून बघतो तर कागद नाही. तो परत कागद आणायला जातो, पण "लिहायचंय" ही अट तो विसरलेला. म्हणून तो मूळ रजिस्टरच उचलून समोर ठेवतो, आणि पेन मूळ रजिस्टरवर टेकतं! या वाटेने साधा वापरणारा संपूर्ण मशीनचा मालक होऊ शकत होता. ही फट २००७ पासूनच्या कर्नलमध्ये होती. नऊ वर्षं.

टोरवाल्ड्सने दुरुस्तीसोबतच्या टिपणात स्वतःहून लिहून टाकलं, की ही जुनी चूक अकरा वर्षांपूर्वी मीच दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता, तोही नीट नाही, आणि नंतर दुसऱ्या एका अडचणीमुळे ती दुरुस्ती काढून टाकावी लागली. त्या काळी ही शर्यत कागदावरचीच वाटत होती, पुढे कर्नलचं मेमरी हाताळणं वेगवान झालं आणि ती प्रत्यक्षात घडवणं सोपं झालं. नवी दुरुस्ती साधी होती: कारकुनाने "लिहायचंय" ही अट विसरायचीच नाही, आणि "झेरॉक्स काढली आहे" अशी वेगळी खूण ठेवून, हातातला कागद खरंच झेरॉक्स आहे का ते तपासायचं. तीही पुरती नव्हती. मेमरीच्या मोठ्या आकाराच्या पानांसाठी तशीच एक फट उरली होती, ती नोव्हेंबर २०१७ मध्ये सापडली आणि बुजवली गेली.

मला यातलं सगळ्यात जास्त काय आवडतं? "माझी पहिली दुरुस्ती चुकली होती" हे वाक्य जगजाहीर, नावानिशी, कायमचं लिहून ठेवलंय. आपल्याकडे साध्या हातपंपाच्या दुरुस्तीची नोंद तरी अशी सापडते का?

याच्या उलटंही उदाहरण आहे आणि ते भयंकर आहे. थेराक-२५ नावाचं कॅन्सरवर किरणांचा उपचार करणारं मशीन होतं, कॅनडाच्या कंपनीचं. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका-कॅनडात सहा पेशंटना त्याने प्रमाणाबाहेर किरणं दिली, काहींचा जीव गेला. कंपनीचं म्हणणं, आमच्या मशीनमधून असं होणं शक्यच नाही. टेक्सासमधल्या एका दवाखान्यात मशीन चालवणारी बाई आणि तिथला भौतिकतज्ज्ञ दोघं मशीनसमोर बसले आणि तेच तेच करून बघत राहिले, जोवर चूक हातात येत नाही तोवर. तेव्हा कळलं: बाईंचा हात सरावाने भरभर चालायला लागला होता. त्यांनी टाकलेली माहिती फार झटकन बदलली, की मशीनच्या दोन कामांची शर्यत लागायची. कंपनीत हळूहळू टाईप करून तपासणाऱ्याला ते कधी दिसलं नाही. चूक शोधली ती मशीन रोज हाताळणाऱ्यांनी. म्हणूनच वापरणाऱ्याची तक्रार हाच पहिला पुरावा असतो, हे माझं ठाम मत झालंय.

आता मूळ मुद्द्यावर येतो. माझी चौदा ओळींची दुरुस्ती तयार झाली. तपासून झाली. पाठवून झाली. काम संपलं ना?

नाही. आमच्या गावातल्या मशीनमध्ये ती आजही नाही. परवा भावाला सांगून सेटिंगमधला आवृत्तीचा नंबर बघायला लावला, जुनाच आहे. कारण विचारलं तर उत्तर असं की देखभालीचा करार संपलाय. दुरुस्ती आहे, ती करणारी माणसं आहेत, फक्त ती डोंगर चढवायची जबाबदारी कोणाच्याच नावावर नाही.

मोबाईलचंही हेच. डर्टी काऊची दुरुस्ती ऑक्टोबर २०१६ मध्ये झाली. अँड्रॉइडसाठी ती त्याच वर्षाच्या शेवटापर्यंत आली. आणि सप्टेंबर २०१७ मध्ये ट्रेंड मायक्रो या कंपनीने जाहीर केलं, की हीच फट वापरून मोबाईलमध्ये शिरणारं एक व्हायरससारखं सॉफ्टवेअर फिरतंय. चाळीसहून जास्त देशांत सापडलं, आणि सर्वांत जास्त बळी दोन देशांत: चीन आणि भारत. दुरुस्ती निघून जवळपास एक वर्ष झालं होतं! ज्यांचे मोबाईल अपडेट झाले ते सुटले. स्वस्तातले, जुने, अपडेट न येणारे मोबाईल ज्यांच्या हातात होते ते अडकले. असले मोबाईल कोणाच्या हातात असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आपल्या जिल्ह्याला तर हे सांगायलाच नको. आधार कार्ड देशात सगळ्यात पहिलं वाटलं गेलं ते २९ सप्टेंबर २०१० ला, आपल्याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत, पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते. अख्ख्या देशाचा अंगठा आपल्या जिल्ह्यातून सुरू झाला म्हणा ना. म्हणूनच अंगठ्याच्या मागचं मशीन नीट चालतं का, हे विचारायचा पहिला हक्क आपला.

आणि अंगणवाडीच्या ताई आठवा. २०२१ मध्ये राज्यभर अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले होते. मोबाईल तापतात, अडकतात, मेमरी पुरत नाही, ॲप इंग्रजीत. त्यावेळी शहरातले काही जण म्हणाले, "यांना काम नको म्हणून निमित्त." कुपोषणाने ज्या जिल्ह्याचं नाव पेपरात येतं तिथे मुलाचं वजन नोंदवणारा मोबाईल अडकला, तर ते मूल त्या दिवशी नोंदीतून गायब होतं. त्या बायका निमित्त शोधत नव्हत्या. त्या चूक दाखवत होत्या. प्रत्येक अडकणं रेस कंडिशनमुळेच होतं असं मी म्हणत नाही. पण शोधल्याशिवाय कारण कळत नाही, आणि दोष माणसावर ढकलला की शोध तिथेच थांबतो.

कोणी म्हणेल, नेटवर्क सुधारा, सगळे प्रश्न सुटतील. नेटवर्क सुधारायलाच हवं, त्यावर वेगळी पोस्ट लिहीन. पण चांगल्या नेटवर्कने ही चूक जात नाही, झाकली जाते. रस्ता मोकळा असला म्हणजे घाटातलं वळण रुंद होत नाही. ज्या रात्री वादळ येईल, टॉवर बसेल आणि मशीनची खरी गरज असेल, त्याच रात्री ती वर येईल.

कोणी म्हणेल, अपडेटची अट घातली तर मशीन महाग होईल. होईल, थोडं होईल. पण आज तो खर्च कोणी भरत नाही असं थोडंच आहे? आजी भरते. दोन तास चढ, दोन तास उतार, एक दिवसाची मजुरी, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. फक्त तो खर्च कुठल्या टेंडरमध्ये दिसत नाही.

बाहेर बघा. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून कायदा आहे, नेटला जोडणारी वस्तू विकणाऱ्या कंपनीला सुरक्षेचे अपडेट किमान किती काळ देणार हे आधीच जाहीर करावं लागतं. युरोपियन युनियनमध्ये जून २०२५ पासून नव्या स्मार्टफोनच्या मॉडेलला, त्याची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं अपडेट मिळत राहायला हवेत. तिथल्या सामान्य गिऱ्हाईकाला हे मिळतं, तर जनतेच्या पैशाने घेतलेल्या मशीनला आपल्याकडे का मिळू नये?

म्हणून माझ्या मागण्या चार. जिल्ह्यातले लोकप्रतिनिधी, अधिकारी, पत्रकार ज्यांच्यापर्यंत ही पोस्ट जाईल त्यांनी त्या वाचाव्यात.

एक. जनतेच्या पैशाने घेतलेल्या प्रत्येक मशीनच्या करारात अपडेट किती वर्षं मिळणार, हे लिहिलेलं असावं. मशीन वापरात आहे तोवर अपडेट बंद होता कामा नये.

दोन. मशीन घ्यायच्या आधी त्याची चाचणी फक्त पुण्या-मुंबईत नको. तोरणमाळला या, पंधरा दिवस चालवा. हवा छान आहे, यशवंत तलाव बघा, सीताखाई बघा, आणि मशीन किती वेळा अडकतं तेही बघा.

तीन. लिनक्स ज्या लायसन्सखाली मिळतं, त्यानुसार मशीन विकणाऱ्याने त्यातल्या कर्नलचा सोर्स कोड, स्वतःच्या बदलांसकट, घेणाऱ्याने मागितल्यावर द्यावा लागतो. तो आपला हक्क आहे. खात्यांनी तो मागावा आणि जपून ठेवावा. करार संपला, कंपनी पळाली, तरी दुसरा कोणी दुरुस्ती करू शकेल.

चार. तक्रारीच्या फॉर्ममधून "वापरणाऱ्याची चूक" हा रकाना तपासणीआधी भरायला बंदी करा. आधी मशीनचा लॉग बघा, मग माणसाला दोष द्या.

अधिकाऱ्यांवर मी सरसकट राग काढत नाहीये. ज्यांच्याशी बोललो त्यातले दोघं-तिघं तर मनापासून ऐकत होते. त्यांना आजवर कोणी हे सांगितलंच नव्हतं, त्यांच्या हातात "वापरणाऱ्याची चूक" लिहिलेला कागदच येत होता.

आणि आपण काय करायचं? फक्त शिव्या देऊन भागणार नाही. माझ्या दुकानदार मित्राला मी एक वही करायला सांगितलीय. मशीन अडकलं की चार गोष्टी लिहायच्या: तारीख आणि वेळ, नेटवर्कच्या दांड्या किती होत्या, स्क्रीनवर काय दिसत होतं, परत चालू व्हायला किती मिनिटं लागली. अंगणवाडीच्या ताई, आशाताई, दुकानदार, सगळ्यांनी करा. "मशीन खराब आहे" या तक्रारीला उत्तर येतं, "आमच्याकडे चालतंय." पण तीन महिन्यांची वही समोर ठेवली तर कोणालाही तसं म्हणता येत नाही. मला ती चूक सापडली ती हुशारीने नाही. ती जिथे होते तिथे जाऊन बसलो म्हणून सापडली. तुम्ही तर तिथेच आहात.

डोंगरातल्या पोरांना, शाळा-कॉलेजात असाल त्यांना एक सांगतो. कर्नलचा सगळा कोड मोफत आहे, कोणालाही वाचता येतो, दोन कोटींहून जास्त ओळी आहेत. घाबरू नका, मीही त्यातल्या मूठभरच वाचल्यात. जुना लॅपटॉप पुरतो. ज्या चुका मोठ्या शहरात दिसतच नाहीत त्या तुमच्या ओट्यावर दिसतात.

त्या आजीला होळीच्या वेळी भेटलो. म्हटलं, आजी, तुमचा अंगठा चांगला आहे, मशीन खराब होतं. तिने विचारलं, "मग आता नीट झालं का?" मी म्हणालो, दुरुस्ती झालीय, मशीनपर्यंत पोहोचायची राहिलीय. ती हसली. म्हणाली, "म्हणजे नाही झालं."

तिच्या या उत्तरावर माझ्याकडे आजही प्रत्युत्तर नाही. तुमच्या भागात मशीन कुठे, कधी, कसं अडकतं ते कमेंटमध्ये लिहा. कंपनीचं आणि माणसाचं नाव नको. तारीख, वेळ आणि जागा लिहा. मी सगळं एका यादीत उतरवून पुढे पाठवणार आहे. पटलं असेल तर शेअर करा, पण त्याआधी वही करा.